गळा बदलला, गाणे बदलले

श्रोतेहो, आज मी आपणांशी ज्या गाण्याविषयी बोलणार आहे, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. आणि ज्यांनी ऐकले असेल, त्यांतल्या पुष्कळांनी ते अर्ध्यावरच बंद केले असेल. या गाण्याला इंग्रजीत 'हेवी मेटल' म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'जड धातू'. विजेवर वाजणाऱ्या गिटारी, दणदणीत ड्रम आणि त्यांवर ओरडल्यासारखा आवाज, अशी आपल्याकडे त्याची ओळख. आमचे एक वडीलधारे सहकारी म्हणत, "याला गाणं म्हणायचं असेल, तर पत्र्याच्या दुकानात रोजच मैफल भरते म्हणा की!" त्यांनी म्हटले थट्टेने, पण नकळत ते खऱ्याच्या अगदी जवळ जाऊन पोहोचले होते. हे गाणे खरोखरच एका पत्र्याच्या कारखान्यातून आलेले आहे. ते कसे, हे पुढे सांगतोच.

आधी हा विषय मला का सुचला, ते सांगितले पाहिजे. मी मराठी शिकवतो. संगीत हा माझा धंदा नव्हे. आमच्या महाविद्यालयात एक विद्यार्थी होता. आपल्या गावच्या भजनी मंडळात तो पेटी वाजवायचा, आणि छान वाजवायचा. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्या कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात सापडला. हात वाचला, पण तर्जनी गेली. सात-आठ महिने तो पेटीला शिवला नाही. मग पुन्हा बसू लागला. पण आता बोटे पूर्वीसारखी भरभर धावेनात. मंडळातली माणसे काही वाईट नव्हती, तरी एकादशीच्या भजनानंतर कोणीतरी म्हणायचेच, "वाजवतो बरं का पोरगं, पण पहिली मजा नाही राहिली." एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पहिल्यासारखं मला जमत नाही, आणि वेगळं वाजवलं तर लोकांना आवडत नाही. मग बंदच करू का?"

श्रोतेहो, त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. मी त्याला धीराचे चार शब्द सांगितले. ते कोणीही सांगतो. पण त्याचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. थांबलेला कलावंत परत येतो, तेव्हा त्याने जुनेच द्यावे की नवे द्यावे? आणि आपण ऐकणाऱ्यांनी त्याच्याकडून काय मागावे? या प्रश्नाचा विचार करताना मला आठवण झाली ती 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रज वाद्यवृंदाची. माझ्या विद्यार्थिदशेत वसतिगृहातल्या सोबत्याकडे त्यांच्या कॅसेटी होत्या. त्याने वाजवायच्या आणि मी कानांवर उशी घ्यायची, असा आमचा क्रम होता. पुढे उशी केव्हा निघाली, ते मलाही कळले नाही.

आता कारखान्याची गोष्ट. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे मोठे औद्योगिक शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यावर पुष्कळ बॉम्ब पडले होते. त्याच शहरात १९४८ साली टोनी आयोमी याचा जन्म झाला. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि फावल्या वेळात गिटार वाजवीत होता. एका वाद्यवृंदाबरोबर जर्मनीला जायचे ठरले, म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा परत जायचा त्याचा विचार नव्हता. पण घेतलेला दिवस पुरा करावा म्हणून आईने त्याला परत पाठवले, असे त्याने स्वतः सांगितले आहे. त्या दिवशी दाबयंत्रावरचे नेहमीचे माणूस आले नव्हते. त्या जागी याला बसवले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा. गिटारीच्या तारा तो डाव्या हाताने छेडायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी दाबायचा. म्हणजे नेमकी सूर धरणारी बोटेच गेली.

वैद्यांनी सांगितले, गिटार विसरा. अशा वेळी कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला एक तबकडी आणून ऐकवली. ती होती जँगो राइनहार्ट या प्रसिद्ध गिटारवादकाची. ऐकून झाल्यावर त्याने सांगितले, की या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत भाजून निकामी झालेली आहेत, आणि तरी तो असा वाजवतो. पोरगा उठला. साबणाच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, घासून घासून ती बोटांना बसती केली, आणि तारेवर पकड यावी म्हणून त्यांवर जुन्या जाकिटाचे कातडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या संचातल्या काही गाण्यांसाठी त्याने तारांचा ताण आणखी कमी केला. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे, तर पांढरी तीनला लावायची सर्वांत जाड तार त्याने काळी एकपर्यंत उतरवली. ताण कमी झाला, बोटांचे दुखणे कमी झाले. पण त्याबरोबर आवाज खोल, भारी आणि काळोखा झाला. आज जगभर हजारो पोरे मुद्दाम तारा उतरवून तसा आवाज काढतात. त्यांच्या दृष्टीने ती शैली आहे. आयोमीच्या दृष्टीने ती आधी दुखऱ्या बोटांची सोय होती.

हा मुद्दा आपण मनात ठेवावा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मर्म यातच आहे. शैली म्हणजे अंगावर चढवायचा सदरा नव्हे. हात, गळा, दम आणि त्यांची दुखणी यांतून ती उतरते.

आयोमीच्या जोडीला त्याच शहरातले तिघे आले. गीझर बटलर हा बेस गिटार वाजवी आणि बहुतेक गाण्यांचे शब्दही लिही. बिल वॉर्ड ड्रमवर बसे. आणि गायला ऑझी ऑझबर्न. ऑझीने खाटीकखान्यात काम केले होते, मोटारींचे हॉर्न जुळवण्याच्या कामावरही तो होता, आणि घरफोडीसाठी काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला होता. या चौघांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. ती एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली होती. सुरुवातीला पावसाचा आवाज, दूरवर घंटेचे टोल, आणि मग गिटारीचे तीन सूर.

हे तीन सूर तुम्हांला घरच्या पेटीवर वाजवता येतील. पांढरी पाच दाबा. मग तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच. आणि मग खाली येऊन दोहोंच्या मधली काळी एक. हळूहळू, दमाने वाजवा. पांढरी पाचला षड्ज मानला, तर शेवटचा सूर होतो तीव्र मध्यम. युरोपातल्या जुन्या शास्त्रकारांनी षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधल्या या अंतराला 'संगीतातला सैतान' असे नाव दिले होते. आता मौज पाहा. हाच तीव्र मध्यम आपल्याकडे रोज संध्याकाळी यमनात येतो, आणि आपल्याला त्यात सैतान दिसत नाही, दिवेलागण दिसते! सूर तोच, पण कोणत्या घरात कसा लागला, यावर सारे अवलंबून. तेव्हा त्या वाद्यवृंदाचे नाव आणि काळे कपडे पाहून घाबरायचे कारण नाही. नाव त्यांनी एका भुताच्या सिनेमावरून घेतले. बटलरच्या शब्दांत भूत-सैतान होते खरे. पण त्याच्या गाण्यांत श्रीमंत पुढारी गरिबांच्या पोरांना लढाईवर धाडतात, त्याबद्दलचा संतापही होता.

या चौघांच्या वाजवण्यात आणखी एक विशेष होता. गिटारीवर एक छोटी सुरावट पुन्हापुन्हा यायची. इंग्रजीत तिला 'रिफ' म्हणतात. तबलावादन चालू असताना पेटीवर जो लेहरा वाजतो, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. आता आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा चालतो. इथे उलटे होते. ऑझीचा गळा फार फिरणारा नव्हता. 'आयर्न मॅन'सारख्या गाण्यात गिटार ज्या वाटेने जाई, त्याच वाटेने ऑझीही सूर लावी. गिटार पुढे, गळा मागे. पण त्या साध्या, कळवळलेल्या आवाजात असे काही होते, की कारखान्यात राबणाऱ्या पोराला तो आपल्याच गल्लीतल्या मित्राचा वाटे. १९७० सालीच निघालेली त्यांची दुसरी तबकडी 'पॅरानॉइड' इंग्लंडात विक्रीच्या यादीत पहिली आली.

मग पुढे व्हायचे तेच झाले. पैसा आला, दारू आली, अमली पदार्थ आले. दहा वर्षांत चौघेही थकले. १९७८ साली निघालेल्या तबकडीत पूर्वीचे तेज उरले नव्हते. अखेर एप्रिल १९७९ मध्ये ऑझीला काढून टाकण्यात आले. निरोप सांगण्याचे काम वॉर्डवर, म्हणजे त्याच्या जिवलग मित्रावर आले. गल्लीतला आवाजच गेला. आता हा वाद्यवृंद संपला, असे बहुतेकांनी धरले.

अशा वेळी रॉनी जेम्स डिओ आला. हा अमेरिकेतला, वयाने या सर्वांहून मोठा, अंगकाठीने लहानसा. लहानपणी त्याने ट्रंपेट वाजवले होते, आणि दम कसा धरायचा ते आपण त्या फुंकण्यातून शिकलो, असे तो म्हणे. त्याचा गळा भरदार होता, वरच्या सप्तकात तो सहज जाई, आणि शब्दही तो स्वतः लिही. एप्रिल १९८० मध्ये त्यांची नवी तबकडी निघाली. तिचे नाव 'हेवन अँड हेल', म्हणजे स्वर्ग आणि नरक. इंग्लंडात ती विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेली, आणि हरवलेली माणसे पुन्हा उभी राहिली.

पण ही माणसे परतली, ती जुने गाणे घेऊन नव्हे. बदल नेमका कोणता झाला, ते नीट पाहू.

पहिला बदल गिटारीत. गायक गिटारीच्या मागे चालत होता, तोवर गिटारीला सारी चाल स्वतःच सांगावी लागे. डिओचा गळा स्वतःची वेगळी वाट काढी. मग गिटारीला बाजूला सरून जागा द्यावी लागली. त्या तबकडीतले 'हेवन अँड हेल' हेच गाणे घ्या. सुरुवातीला गिटारीची मोठी सुरावट येते, पण गायन सुरू झाले की ती मागे हटते. खाली बेस एकसारखा ठोका धरून चालतो, आणि वर मोकळ्या आभाळात गळा फिरतो. बोलण्यात हुशार असा कोणी घरात आला, की घरचा मुख्य माणूस थोडा वेळ गप्प बसून ऐकतो ना, तसे.

दुसरा बदल लयीत. पूर्वीची बरीच गाणी संथ, ओझे ओढणाऱ्या बैलासारखी. या संचाचे पहिलेच गाणे 'निऑन नाइट्स' चांगले धावते. आणि ज्या गाण्याचा आत्ता उल्लेख केला, ते सुमारे सात मिनिटांचे गाणे संथपणे सुरू होऊन शेवटाला एकदम दुप्पट चालीने धावते, आणि मग साध्या, विजेविना वाजणाऱ्या गिटारीच्या मंद सुरांत विरून जाते. विलंबितातून द्रुतात जाणे आपल्याला नवे नाही. त्यामुळे आपल्या कानाला हे गाणे कदाचित लवकर रुचेल.

तिसरा बदल शब्दांत. बटलरचे शब्द लढाई, भीती, गरिबी यांचे. डिओचे शब्द राजे, स्वप्ने, प्रवास, प्रकाश आणि अंधार यांचे. रस्त्यावरचे गाणे जणू पुराणात गेले.

आता तुम्ही विचाराल, मग यात जुने काय राहिले? जुना राहिला तो आयोमीचा हात. ती कातडे लावलेली दोन बोटे, तो भारदार आवाज, तो तीव्र मध्यमाचा ओढा. ज्याला कान आहे, तो दोन सूर ऐकताच सांगेल, की हा आयोमी.

तरीही लोकांत तट पडले. एक तट म्हणे, हे गाणे चांगले असेल, पण हे 'ब्लॅक सॅबथ' नव्हे, नाव बदला. दुसरा तट म्हणे, वाद्यवृंद मरण्यापेक्षा बदललेला बरा. हा वाद आजही मिटलेला नाही. गंमत म्हणजे काढून टाकलेल्या ऑझीनेही त्याच वर्षी, सप्टेंबर १९८० मध्ये, नवे साथीदार घेऊन स्वतःची तबकडी काढली, आणि तीही गाजली. म्हणजे एका घराच्या दोन चुली झाल्या, आणि दोन्ही पेटल्या. डिओ मात्र १९८२ मध्ये वाद होऊन बाहेर पडला. पुढे तो दोनदा परत आला. १६ मे २०१० रोजी पोटाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला.

श्रोतेहो, गोष्ट इथे संपली असती, तर मी एवढेच म्हटले असते, की बदलावे, म्हणजे जगता येते. पण या वाद्यवृंदाने आणखी एकदा पुनरागमन केले, आणि या वेळी नेमके उलटे ठरवले.

ऑझी, आयोमी आणि बटलर यांनी नवी तबकडी काढायचे ठरवून तशी घोषणा नोव्हेंबर २०११ मध्ये केली. चौथा सोबती वॉर्ड घोषणेला होता. पण पुढे करारावरून त्याचे जमले नाही आणि तो बाहेर राहिला. जानेवारी २०१२ मध्ये आणखी एक बातमी आली, की आयोमीला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला आहे. औषधोपचार चालू असताना, मधल्या दिवसांत तो वाजवी. त्याच्यासाठी बाकीचे इंग्लंडात येऊन राहिले. तबकडीचा निर्माता होता रिक रुबिन. त्याने या साठी उलटलेल्या माणसांना १९७० सालची त्यांचीच पहिली तबकडी ऐकवली, आणि मधली सारी वर्षे विसरून तिथून पुढे चला, असे सुचवले.

कल्पना करा. पासष्टीच्या घरातल्या माणसांना सांगायचे, की विशीतल्यासारखे वाजवा! आयोमीलाही हे प्रथम अवघड वाटले. पण त्यांनी तसा यत्न केला. जून २०१३ मध्ये '१३' या नावाने तबकडी निघाली. आठ लांब गाणी, बहुतेक संथ, भारी चालीची. पहिल्याच गाण्याची मांडणी जुन्या पहिल्या गाण्याची आठवण करून देणारी. आणि शेवटचे गाणे संपते ते पावसाच्या आवाजात आणि घंटेच्या टोलांत, म्हणजे १९७० साली जिथून आरंभ झाला, तिथेच. 'पॅरानॉइड'नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी इंग्लंडात त्यांची तबकडी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. अमेरिकेतही ती पहिली आली, आणि हे तिथे त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होते.

यावरही टीका झालीच. कोणी म्हणाले, ही स्वतःचीच नक्कल आहे. तो आक्षेप अगदी पोकळ नव्हता. काही ठिकाणी जुन्या गाण्याची सावली फार दाट पडली आहे. पण मी ती तबकडी दोन-तीनदा ऐकली, तेव्हा मला दुसरेच काही ऐकू आले. विशीतला ऑझी भुताला पाहून घाबरल्यासारखा गातो. पासष्टीतला ऑझी देव आहे की नाही, असे विचारतो, आणि त्याच्या आवाजात खरोखरच संध्याकाळ झालेली असते. वाजवणाऱ्याच्या शरीरात कर्करोग आहे. ड्रमवर जुना मित्र नाही. ब्रॅड विल्क नावाचा दुसऱ्या वाद्यवृंदातला माणूस आहे. तीच घंटा, तोच पाऊस. पण १९७० साली ती गोष्टीतली घंटा होती, २०१३ साली ती खरी वाटते. मागे जायचे म्हणून निघालेली माणसेही नव्याच ठिकाणी पोहोचली. कारण वाट जुनी असली, तरी चालणारे पाय जुने राहिले नव्हते.

म्हणून मला असे वाटते, की जुने द्यावे की नवे द्यावे, हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. जुने जसेच्या तसे देणे कोणाच्याच हातात नसते. १९८० साली त्यांनी बदल उघडपणे स्वीकारला; २०१३ साली तो टाळायचा यत्न केला, तरी तो झालाच. प्रश्न विचारायचा तो एवढाच, की आज जो हात आहे, जो गळा आहे, त्याच्याशी हे गाणे प्रामाणिक आहे की नाही.

आपल्याकडे हे आपण एकदा पाहिलेले आहे. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. ते देवासला जाऊन राहिले, काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते, आणि एक फुप्फुस कायमचे अधू झाले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. १९५०च्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा लहान लहान, धारदार सुरावटींचे ते गाणे अनेकांना चमत्कारिक वाटले. किती बदल आजारामुळे आणि किती चिंतनामुळे, यावर जाणकार अजून बोलतात. पण त्या गाण्याला नाके मुरडणारी घरेही पुढे त्यांची निर्गुणी भजने पहाटे लावू लागली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. कुमारांचे गाणे आणि बर्मिंगहॅमचे गाणे यांची बरोबरी मी करत नाही. जातकुळीच वेगळी. पण दुखावलेल्या शरीरातून कला परत येते, तेव्हा ती दुखापत बरोबर घेऊनच येते, एवढा धागा दोन्हींकडे सारखा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना इथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्या वर्गात एखादा मुलगा आजारातून, अपघातातून किंवा घरच्या एखाद्या आघातातून उठून परत येतो. आपण प्रेमाने म्हणतो, "चल, आता पहिल्यासारखा हो पाहू." आपला हेतू चांगला असतो. पण पहिल्यासारखे होणे हीच एक गोष्ट त्याला शक्य नसते, आणि आपण नेमकी तीच मागत असतो. त्याऐवजी कारखान्यातल्या त्या वरिष्ठाने काय केले, ते पाहावे. त्याने उपदेश केला नाही. एक तबकडी आणली, आणि अशा बोटांनी दुसरा एक माणूस काय करतो, ते ऐकवले. आणि मुलांच्या आवडीच्या गाण्याला, ते आपल्याला गोंगाट वाटला तरी, एकदा तरी पुरते ऐकावे. मला स्वतःला ते फार उशिरा सुचले.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये, ऑझीच्या लहानपणच्या घराजवळच्या मैदानावर, मूळचे चौघे शेवटचे एकत्र आले. वॉर्डही आला होता. ऑझीला कंपवात झालेला. उभे राहवेना, म्हणून त्याने सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले. गाणी चारच झाली, आणि ती चारही १९७० सालची. २२ जुलैला ऑझी वारला. त्या दिवशी खुर्चीतून उमटलेला आवाज १९७० सालचा नव्हता, हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळत होते. तरी तो ऐकायला माणसे जगभरातून आली होती.

आणि आमचा तो विद्यार्थी? त्याला मी पुढे एकदा घरी बोलावले आणि आयोमीची गोष्ट सांगितली, ती दोन गाणीही ऐकवली. गाणी त्याला विशेष आवडली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगतो. "फार आवाज आहे सर," म्हणाला. पण जाताना त्याने विचारले, "त्यानं तार किती उतरवली म्हणालात?" गेल्या कार्तिकीला मी त्यांच्या गावी भजनाला गेलो होतो. तो पेटीवर होता. भरभर ताना तो आता घेत नाही. सूर धरून ठेवतो, मध्ये जागा सोडतो, आणि त्या जागेत टाळ-मृदंग पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. भजन संपल्यावर माझ्या शेजारचे एक म्हातारबाबा म्हणाले, "पहिली मजा काही और होती." त्यांच्या पलीकडचे म्हणाले, "अहो, पण आता शब्द कळतात!"

दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले. पोरगा पेटी मिटून, पान खात निवांत बसला होता. त्याने ते ऐकले की नाही, कोणास ठाऊक. पुढच्या एकादशीला मात्र तो येणार होता.